सात दुरुस्त्या

१२ जानेवारी

ताई,

निकालाच्या दिवशी सकाळी मी कोर्टाच्या फाटकापर्यंत आलो होतो. तुला हे कुणी सांगितलं नसेल, कारण मला कुणी पाहिलं नाही. अंघोळ करून देवासमोर बसलो होतो, पण नुसते ओठ हलत होते. तुझ्या भावजयीने डबा हातात दिला आणि म्हणाली, "आज प्रेसमध्ये जायचं नाही, कळलं ना? ताईंच्या मागच्या बाकावर जाऊन बसायचं. बोलू नका हवं तर, पण बसा." मी हो म्हणालो. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी उभा राहून तुला पायऱ्या चढताना पाहिलं. राखाडी स्वेटर, खांद्याला पिशवी, बरोबर तुझ्या वकीलबाई. चौथ्या पायरीवर तू थांबलीस, गुडघा दाबलास आणि आत गेलीस. मी वळलो. दहा वाजता मी माझ्या टेबलाशी होतो आणि कुठल्याशा इस्पितळाच्या वार्षिक अहवालाचं प्रूफ तपासत होतो. त्या दिवशी माझ्या नजरेतून एकही चूक सुटली नाही. याचीच मला जास्त लाज वाटते.

निकाल पेपरात वाचला. अश्लीलतेचा आरोप टिकला नाही, हे बरं झालं. पान एकशे अठरा कोर्टात मोठ्याने वाचायला सांगितलं तेव्हा कारकून दोन ओळींनंतर अडखळला आणि न्यायाधीश म्हणाले, राहू दे, मी मनात वाचतो. मास्तर निघून गेल्यावर ती बाई दाराला कडी घालते आणि राखेने आपलं अंग घासत बसते, ते पान. न्यायाधीशांनी लिहिलंय की पुस्तक सगळं वाचल्यावर त्या पानाने कुणाची वासना जागी होणार नाही, झोप उडेल. हे त्यांनी बरोबर लिहिलं. ते पान मी पहिल्यांदा तपासलं तेव्हा चष्मा काढून ठेवावा लागला होता.

पण बदनामीचा आरोप सिद्ध झाला. तुझ्या कादंबरीतला, गावातल्या बायकांना पत्रं लिहून देणारा शाळामास्तर म्हणजे आपले मास्तरच, हे गावातलं कुणीही ओळखेल, असं कोर्टाचं म्हणणं. ओळखीच्या सात खुणा निकालात एकाखाली एक दिल्या आहेत, पहिली लंगडा डावा पाय. शेवटी म्हटलंय, ही पात्रं काल्पनिक आहेत हा लेखिकेचा बचाव पटत नाही, कल्पना इतकी अचूक नसते. महिन्याभरात पेपरात जाहीर माफी मागायची, नाही तर तीन महिने तुरुंग. माफी मागणार नाही हे तू बाहेर येऊन वार्ताहराला सांगितलंस. अपील केलंस. त्याची तारीख वीस मार्च.

इथवर ठीक होतं. पण खाली तुझं आणखी एक वाक्य छापलंय. "मी उजवा पाय लिहिला होता असं मला पक्कं आठवतं. पुस्तकात डावा आहे. आता माझ्याच आठवणीवर माझा विश्वास राहिलेला नाही."

हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. तब्येत सांभाळ. गुडघ्याला शेक दे.

तुझा भाऊ

२९ जानेवारी

ताई,

आधीचं पत्र अजून पाकिटातच आहे. तुला पत्र पाठवायचा मला हक्क आहे का, ते ठरत नाही. दोन वर्षांपूर्वी तू फोन केला होतास, समन्स आल्याच्या दुसऱ्या दिवशी. मूळ हस्तलिखित कुठे आहे, एवढंच विचारलंस. मी म्हणालो, छपाई झाल्यावर रद्दीत गेलं. मग तू विचारलंस, मास्तर आईची पत्रं लिहायचे तेव्हा तू तिथे असायचास, तुला काय आठवतं? मी म्हणालो, नऊ वर्षांच्या पोराला काय आठवणार. मग म्हणालीस, "बरं. मोजपट्टीला काही आठवत नाही म्हणजे झालंच." आणि फोन ठेवलास. त्यानंतर आपण बोललेलो नाही.

मोजपट्टी. घरात हे नाव तूच पाडलंस. कुणी गोष्ट सांगायला लागलं की मी मध्येच म्हणायचो, गाय नव्हती, म्हैस होती. मंगळवार नव्हता, बुधवार होता. मावशी म्हणायची, याला कीर्तनाला नेऊ नका, देवाचीही चूक काढील. पुढे त्याच खोडीवर माझं पोट चाललं. मालक चारचौघांत सांगतात, आमच्याकडचा मुद्रितशोधक पोथीतसुद्धा स्वल्पविराम टाकतो.

गेल्या आठवड्यात प्रेसमध्ये कायद्याच्या पुस्तकाची नवी आवृत्ती आली. घटनेतलं बोलण्याच्या स्वातंत्र्याचं कलम आजवर मी अकरा वेळा तपासलंय. पहिल्या वाक्यात हक्क दिलाय. पुढच्या वाक्यात त्याला कुंपण आहे, सभ्यता, नीतिमत्ता, अब्रूनुकसानी आणि आणखी चार-पाच खांब. अकरा वेळा मी विरामचिन्हं पाहिली. या वेळी अर्थ वाचला. कुंपणाबद्दल माझी तक्रार नाही, ताई. देवाने जीभ दिली तीही दातांच्या आतच दिली. पण अब्रू हा शब्द वाचताना मला प्रत्येक वेळी ज्यांनी दावा लावला तेच आठवतात. ज्या बाईला दावा लावायचं कधी सुचलंही नसतं, तिची अब्रू कुठल्या खांबाला बांधलेली असते?

असो. लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने.

पान बेचाळीसवर तू उजवा पाय लिहिला होतास. तुझी आठवण पक्की आहे. तिथे मी डावा केला. सवयीने झालं. मास्तर डाव्या पायाने लंगडायचे, हात आपोआप गेला. तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं त्या दिवसांत, आणि प्रकाशकांना तू कळवलं होतंस की मोजपट्टी वाचतोय ना, मग मला शेवटचं प्रूफ बघायची गरज नाही. आणि छापून आलेलं स्वतःचं पुस्तक तू उघडत नाहीस, हे तर सगळ्यांनाच माहीत. म्हणून कळलं नाही. आणखी एखाद-दुसरी जागा तशी असेल.

माझी चूक झाली. माफ कर.

तुझा भाऊ

१७ फेब्रुवारी

ताई,

तू रागावशील, पण आज मी मास्तरांकडे गेलो होतो. खटला मागे घ्या, एवढंच सांगायला.

ते याच शहरात मुलाकडे राहतात. दुसऱ्या मजल्यावर, स्वच्छ घर आहे. मुलगाही आता निवृत्त झालाय. त्याने दार उघडलं आणि आत बोट दाखवलं. खिडकीशी कॉट. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस, अंगावर नुसतं कातडं उरलंय. दिसत जवळजवळ नाही. घड्याळ अजून मनगटाच्या आतल्या बाजूला बांधतात, फक्त ते आता कोपरापर्यंत घसरतं.

आवाज ऐकून म्हणाले, "बाळ, आलास होय. हात बघू." शाळेत नखं बघायचे तसे. मी हात दिला. मधल्या बोटावरचा घट्टा त्यांनी अंगठ्याने चाचपला आणि खूश झाले. अजून पेन धरतोस तर.

मी सांगितलं, ताई छप्पन्न वर्षांची आहे, तिचे गुडघे गेलेत, तुरुंगात ती कशी राहील. ते म्हणाले, माफी मागू दे, मी काय राक्षस आहे? मी म्हणालो, ती मागणार नाही. ते हसले. तिचा स्वभाव लहानपणापासून तसाच, म्हणाले. मग आवाज खाली आणला, मुलाला ऐकू जाऊ नये म्हणून.

"ते काम तुझं ना रे?"

मी विचारलं, कुठलं काम.

"कोर्टात ती म्हणाली, मी उजवा पाय लिहिला होता. सगळे हसले. मी नाही हसलो. तिचा डाव्या-उजव्याचा घोळ असेलही. पण मग बरोबर कुणी केलं? मी घरी येऊन मुलाला म्हटलं, हे पुस्तक माझ्या विद्यार्थ्याच्या हाताखालून गेलंय."

ताई, त्यांच्या आवाजात अभिमान होता. चाळीस वर्षांपूर्वी माझ्या पाटीवर हिरव्या खडूने 'उत्तम' लिहायचे, तोच.

मी तिथून उठायला हवं होतं. पण विचारलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. आईच्या पत्रांचं काय, मास्तर?

ते जराही दचकले नाहीत. "तिला सांगता यायचं नाही रे. एका वाक्यात चार विषय, मध्येच डोळ्याला पदर. असलं पत्र परगावच्या पुरुषाला पाठवतात का? मी नीट करून लिहायचो. दुरुस्ती. तू करतोस तेच."

मग त्यांना ग्लानी आली. मुलाने चहा आणला, तो मी घेतला. निघताना "येतो, मास्तर" म्हणालो. आवाज नऊ वर्षांच्या पोराचा निघाला.

१८ फेब्रुवारी, सकाळी

ताई,

काल सही करायची राहिली. झोप लागली नाही. आज प्रार्थनेला बसलो तर पहिल्याच ओळीवर अडलो, जी ओळ मी रोज म्हणतो. 'माझ्या मुखी असत्य येऊ देऊ नकोस.' ती म्हणवेना. म्हणून आधी हे लिहितो.

नुसती सवय म्हणालो ते खोटं. एखाद-दुसरी जागा म्हणालो तेही खोटं. सात जागा आहेत, सातही माझ्या. पहिली, पाय, ती खरोखर सवयीने झाली. दुसऱ्या जागी तू खिशातलं घड्याळ लिहिलं होतंस. ते खोडून मनगटाच्या आत बांधलेलं घड्याळ लिहिताना मी थांबलो होतो. मला कळलं की तू चुकत नाहीयेस, तू लपवते आहेस. माणूस ओळखू येऊ नये म्हणून मुद्दाम बदल करते आहेस. हे कळल्यावर पेन खाली ठेवायला हवं होतं. मी पाच जागा आणखी केल्या. शाळेच्या पितळी घंटेच्या जागी टांगलेला नांगराचा फाळ. निळ्या शाईच्या जागी हिरवी. म्हाताऱ्यांनाही 'बाळ' म्हणायची लकब तू गाळली होतीस, ती मी घातली. विहिरीची जागा, शाळेच्या दाराची दिशा. कोर्टाने जी यादी दिली ती माझ्या प्रूफावरून उतरवावी तशी आहे.

का केलं? सात पत्रं लिहीन तेव्हा नीट सांगता येईल. एवढं कळतंय की मला तो माणूस त्या पुस्तकात सापडायला हवा होता. माझ्या तोंडून निघत नव्हतं ते तुझ्या पानांत निघालेलं पाहिलं, आणि त्याला नाव-गाव चिकटवावंसं वाटलं. साक्ष माझी होती. ती मी तुझ्या पुस्तकात चोरून दिली, आणि पिंजऱ्यात तू उभी राहिलीस.

कारण मला आठवतं. सगळं आठवतं. तू मावशीकडे शिकायला गेली होतीस त्या वर्षी. मास्तर रविवारी सकाळी घरी यायचे. आई भिंतीला टेकून सांगायची, ते मांडीवर पाट घेऊन लिहायचे, आणि मी त्यांच्या पाठीमागे बसून शुद्धलेखन गिरवायचो. बाबा तेव्हा बंदरावर कामाला लागून तिसरं वर्ष होतं. मला नुकतं जोडाक्षर वाचता यायला लागलं होतं. मी खांद्यावरून वाचलं. आई सांगत होती ते एक आणि कागदावर दुसरंच.

साऱ्या जगाची चूक काढणारा पोरगा, ताई, त्या दिवशी गप्प बसला. मला वाटलं, मास्तरांची कशी चूक होईल? मलाच वाचता येत नसेल.

बाबांचं उत्तर आलं की ते मास्तर जसंच्या तसं वाचून दाखवायचे. त्यात एका अक्षराचा बदल नाही. 'तुझीच तशी इच्छा असेल तर मी येत नाही.' आई ऐकून घ्यायची आणि मास्तर गेल्यावर मला विचारायची, "मी असं काही म्हणाले होते का रे?" मी म्हणायचो, मला माहीत नाही. मग पत्रं थांबली. बाबा थांबले. रविवारी सकाळी मास्तर मात्र येत राहिले, आणि मला अंगणात खेळायला पाठवू लागले. शेवटच्या आजारात तुझा हात धरूनही ती तेच विचारत होती, तुला वाटलं भ्रम झालाय. भ्रम नव्हता. मीच उत्तर दिलं नव्हतं.

आणि आता तू पेपरात म्हणतेस, माझ्याच आठवणीवर माझा विश्वास राहिलेला नाही. आईचंच वाक्य आहे ते. त्यांनी आईचं जे केलं ते मी तुझं केलं. त्यांनी हिरव्या शाईने, मी लाल शाईने.

आणखी एक. हस्तलिखित रद्दीत गेलेलं नाही. मूळ आणि प्रूफ एकत्र बांधून तीन वर्षं ठेवायची हा प्रेसचा नियम आहे. समन्स आलं त्या दिवशी मालकांनी गठ्ठा मागितला तेव्हा मी तो आधीच घरी नेला होता. धान्याच्या डब्यामागे आहे. तुझ्या भावजयीला ठाऊक आहे. दोन वर्षं तिने मला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही, फक्त तो डबा ती स्वतः कधी हलवत नाही. मला सांगते, तुम्हीच काढा.

तुझा भाऊ

६ मार्च

ताई,

काल गठ्ठा काढला. आज दिवसभरात जे झालं ते क्रमाने लिहितो.

आधी मालकांकडे गेलो, कारण त्यांना माझ्याकडूनच कळायला हवं होतं. त्यांनी प्रूफाची पानं उलटली, लाल खुणा मोजल्या आणि बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. म्हणाले, "बावीस वर्षं माझ्याकडे एक चूक सोडली नाहीत, आणि आता एकदम सात घेऊन आलात." मग म्हणाले की उद्यापासून येऊ नका. रागाने नाही म्हणाले. दारापर्यंत सोडायला आले.

मग तुझ्या वकीलबाईंकडे. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. हस्तलिखित आणि प्रूफ शेजारी ठेवून त्यांनी सातही जागा ताडून पाहिल्या. मग खुर्ची पुढे केली. त्या म्हणाल्या, एवढं पुरेसं आहे. ओळख लपवायचा लेखिकेने पूर्ण प्रयत्न केला होता हे तिच्या हस्ताक्षरातच आहे, तिचा हेतू बदनामीचा नव्हता हे आता दाखवता येईल. तुम्ही दुरुस्त्या माझ्या म्हणून प्रतिज्ञापत्र द्या. तिची शिक्षा जाईल असं मला वाटतं.

मी म्हणालो, आणखी एक सांगायचंय. आणि रविवारच्या सकाळचं सांगितलं.

त्या लिहिता लिहिता थांबल्या. "याची केससाठी गरज नाही, दादा. उलट घोटाळा होईल. एकीकडे आपण म्हणतो हा तो माणूस नाही, आणि तुम्ही म्हणणार हा तोच. दोन्ही एकदम म्हणता येत नाही." शिवाय त्यांनी समजावलं की बदनामीच्या कायद्यात नुसतं खरं असून भागत नाही, ते सांगण्यात लोकांचं हित आहे हेही दाखवावं लागतं. चाळीस वर्षांपूर्वीचं, नऊ वर्षांच्या मुलाने पाहिलेलं, समोर मरणाला टेकलेला माणूस, सगळं गाव त्याचे विद्यार्थी. तुमच्यावरच दावा येईल.

मी विचारलं, हे वेगळ्या कागदावर देता येईल का, तुमच्या केसमध्ये न घालता?

त्या म्हणाल्या, "देता येईल. पण कुणासाठी?"

मी म्हणालो, आईची बदनामी तिच्याच नावाने तिच्याच नवऱ्याकडे झाली. तिने कधी तक्रार केली नाही, कारण तिला वाटत राहिलं की आपणच तसं बोललो असू. कुठल्या तरी सरकारी कागदावर तिचं खरं वाक्य असावं. मग त्याचं काय व्हायचं ते होवो.

त्यांनी पेन उचललं. दुसरा कागद काढला.

तुला दोन गोष्टी सांगतो. पान एकशे अठराबद्दल मी काहीही लिहून दिलेलं नाही. ते तू आईकडून ऐकलंस की तुझं तुला कळलं, मला माहीत नाही. मी अंगणात होतो. जे डोळ्यांनी वाचलं तेवढंच शपथेवर सांगितलं. दुसरं, आधीची सगळी पत्रं याच्याबरोबर पाठवतोय. त्यांत मी जिथे खोटं लिहिलंय ते तसंच ठेवलंय. वाचताना तुला कळेल कुठे थांबलो आणि कुठे वळलो. वीस तारखेला कोर्टात मी येईन. मागच्या बाकावर बसू का, हे तू ठरव. तू नको म्हणालीस तर फाटकाशी उभा राहीन, या वेळी फाटकाच्या आत.

दुपारी तीन वाजता शपथ घ्यायच्या खिडकीशी गेलो. तिथला कारकून तरुण होता, सर्दीने बेजार. पहिला कागद त्याने शिक्का मारून बाजूला ठेवला. दुसरा वाचायला लागला आणि म्हणाला, काका, इथे नुसतं 'सांगितलेलं व लिहिलेलं वेगळं होतं' असं आहे. असं मोघम चालत नाही. शब्द आठवत असतील तर शब्द सांगा, मी घालतो.

मला वाटलं होतं आवाज फुटणार नाही. फुटला. मागे रांगेत चार माणसं होती, ती ऐकत होती.

मी म्हणालो, आई म्हणाली होती, "पोरगा वाचायला शिकला. तुम्ही आलात की तुम्हाला वाचून दाखवील. या उन्हाळ्यात तरी या. मला एकटीला भीती वाटते."

आणि कागदावर होतं, "मुलाचे शिक्षण मास्तरांच्या देखरेखीखाली व्यवस्थित चालू आहे. आपण येण्याची तसदी घेऊ नये. मला आता एकटीने राहण्याची सवय झाली आहे."

कारकुनाने नाक पुसलं, दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहिली आणि कागद माझ्याकडे फिरवला. आईचं वाक्य वर होतं. मी सही केली.

तुझा भाऊ